‘खाली बस’ म्हटलं की वर्ग उभा का राहतो?

अमेरिकेतला पहिलीचा एक वर्ग. मुलं ४८, शिक्षक दोन आणि तक्रार जगातल्या कुठल्याही पहिलीला लागू पडेल अशी : पोरं जागेवर टिकत नाहीत. वेस्ली बेकर, चार्ल्स मॅडसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या वर्गात निरीक्षक बसवले. सल्ला द्यायचा नाही, नुसतं मोजायचं. दर दहा सेकंदांत किती मुलं उभी आहेत आणि शिक्षक ‘खाली बस’ किती वेळा म्हणतात. आकडे आले. वीस मिनिटांत साधारण ७ वेळा ‘खाली बस’, आणि दर मोजणीत साधारण ३ मुलं उभी.

मग संशोधकांनी शिक्षकांना एक साधी विनंती केली : ‘खाली बस’ जरा जास्त वेळा म्हणा. प्रमाण वीस मिनिटांत सुमारे २७ वर गेलं. उभ्या मुलांची संख्या कमी व्हायला हवी होती. ती वाढली, तीनवरून साडेचारच्या घरात गेली. योगायोग असेल म्हणून शिक्षकांना पूर्वीसारखंच वागायला सांगितलं, तर संख्या उतरली. पुन्हा सूचना वाढवल्या, तर संख्या पुन्हा चढली. शेवटी सांगितलं की उभ्या मुलांच्या मागे लागू नका, जी बसून काम करताहेत त्यांचं कौतुक करा. आकडा दोनच्या खाली आला.

१९६८ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासातली खरी मेख अशी की शिक्षकांनी ‘खाली बस’ म्हटल्यावर ते मूल बसायचंच! म्हणजे शिक्षकांच्या डोळ्यांसमोर उपाय दर वेळी लागू पडत होता. तेवढ्यात दुसरं कोणी उठायचं, त्यालाही सांगितलं की तोही बसायचा. सहा वर्षांच्या पोराला ४८ जणांच्या गर्दीत बाईंचं किंवा सरांचं लक्ष स्वतःकडे वळवण्याचा खात्रीचा मार्ग सापडला होता : उभं राहायचं. गुपचूप बेरीज करत बसलं तर कोण विचारतं? शिक्षक मुलांना बसायला शिकवत होते आणि मुलं शिक्षकांना ‘खाली बस’ म्हणायला. दोन्ही बाजूंचं शिक्षण उत्तम चाललं होतं आणि कोणालाच त्याचा पत्ता नव्हता.

ऐकत नसलेलं, उलट उत्तर देणारं मूल म्हटलं की आपली नजर थेट त्या मुलावर जाते. स्वभावच तसा, घरचं वळण नाही, मोबाइलने वाया गेलाय. गेल्या साठेक वर्षांत वर्गात बसून मोजदाद करणाऱ्यांनी ही नजर थोडी बाजूला सरकवली. मूल आणि शिक्षक यांच्या मधल्या जागेत, त्या चार-दोन सेकंदांत काय घडतं, हे ते पाहू लागले. त्यांना जे दिसलं ते कुठल्याही जादूच्या प्रयोगाइतकं चकित करणारं आहे.

दोघांनाही बक्षीस

सातवीचा वर्ग, मधल्या सुट्टीनंतरचा गणिताचा तास.

‘वही काढ.’

‘आणली नाही.’

‘आणली नाही? मग शाळेत आलास कशाला?’

मागच्या बाकावर कोणीतरी फिस्सकन हसतं.

‘तुम्हीच म्हणता ना सर, रोज यायचं म्हणून.’

आता सगळा वर्ग हसतो. सरांचा आवाज चढतो, ‘हो वर्गाबाहेर!’ मुलगा ऐटीत उठतो, दाराबाहेर उभा राहतो आणि खिडकीतून मित्रांना खुणा करू लागतो. आत शांतता पसरते. सर फळ्याकडे वळतात.

आता हिशेब मांडू. मुलाला काय मिळालं? तास टळला. त्याचे अपूर्णांक पाचवीतच निसटले होते, त्यामुळे आज फळ्यापाशी बोलावलं असतं तर शोभा झाली असती. ती वाचली, वर मित्रांत भाव वधारला. सरांना काय मिळालं? शांतता. म्हणजे शिक्षा म्हणून जे दिलं ते मुलासाठी बक्षीस ठरलं आणि सरांनाही बक्षीस मिळालं. उद्या दोघंही हेच करतील, कदाचित एक-दोन वाक्यं आधीच.

हे चक्र बारकाईने उलगडलं ते ओरेगन राज्यातल्या युजीन शहरात काम करणाऱ्या जेराल्ड पॅटरसन यांनी. त्यांनी घराघरांत माणसं पाठवून आईवडील आणि मुलांमधले खटके क्षणाक्षणाने टिपले आणि १९८२ साली त्यावर ग्रंथ लिहिला. त्यांना दिसलं ते असं : एकाने आवाज चढवला की दुसरा चढवतो, मग पहिला आणखी. ही रस्सीखेच कुठेतरी थांबते, कारण कोणीतरी दोर सोडतो. ज्याने सोडला त्याला हुश्श वाटतं, आणि ज्याच्या हाती दोर राहिला तो मनात नोंद करतो की एवढा ताण दिला की काम होतं. पुढच्या वेळी सुरुवातच तिथून होते. कटकट थांबणं हे माणसाला खाऊइतकंच गोड लागतं, आणि त्या गोडीपायी दोन्ही बाजू दिवसेंदिवस अधिक तिखट होत जातात.

पाठीला डोळे

मग चांगला शिक्षक ओरडण्याऐवजी नेमकं काय करतो? डेट्रॉइटच्या वेन स्टेट विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ जेकब कूनिन यांना हाच प्रश्न पडला, तोही स्वतःच्या तासाला. मागे वर्तमानपत्र वाचत बसलेल्या एका विद्यार्थ्याला त्यांनी झापलं आणि पाहतात तो, ज्यांना काहीच म्हटलं नव्हतं तेही सावरून बसले, कुजबूज थांबली, नजरा वह्यांवर गेल्या. एकाला बोललेलं सगळ्यांपर्यंत पोचतं, तर मग बोलण्याची कुठली पद्धत सर्वांत प्रभावी? कडक, सौम्य, थोडक्यात की समजावून? ते वर्षानुवर्षं याच्या मागे लागले आणि हाती काही लागेना. गैरवर्तन झाल्यानंतर शिक्षक काय बोलतो, कसं बोलतो यावरून तो वर्ग शांत असेल की नाही हे सांगताच येईना.

तेव्हा त्यांनी वर्गांत व्हिडिओ कॅमेरे लावले. चित्रफिती पुन्हा पुन्हा पाहिल्यावर उलगडलं की शांत वर्गाचं रहस्य गैरवर्तन घडण्याच्या आधीच्या मिनिटांत आहे. १९७० साली आलेल्या त्यांच्या पुस्तकातली सर्वांत गाजलेली कल्पना म्हणजे आपल्याकडे ज्याला पाठीला डोळे असणं म्हणतात ती. गंमत अशी की कूनिन यांनी हे डोळे मोजून दाखवले. शिक्षकाने टोकलं ते नेमक्या मुलाला की शेजारच्या निष्पाप मुलाला? खोडी सुरू होतानाच टोकलं की ती तीन बाकांवर पसरल्यावर? दोन बोलणाऱ्यांना दरडावलं, पण कोपऱ्यातली मारामारी नजरेतून सुटली का? अशा चुका जितक्या कमी, तितका वर्ग कामात रमलेला. मुलांना शिक्षेची भीती असण्यापेक्षा ‘बाईंना सगळं दिसतं’ ही खात्री असणं जास्त उपयोगी पडतं.

दुसरी गोष्ट होती तासाच्या ओघाची. शिक्षक गणित समजावता समजावता मध्येच थांबतो, जमिनीवर पडलेला कागद दिसला म्हणून स्वच्छतेवर पाच मिनिटं बोलतो, मग ‘हां, कुठे होतो आपण?’ तेवढ्या पोकळीत तीस-चाळीस डोकी रिकामी होतात. दंगा बहुधा अशा पोकळीतच जन्मतो. वही तपासायच्या रांगेत, प्रयोगाचं साहित्य येईपर्यंत, एका तासाची वही ठेवून दुसऱ्याची काढताना. अनुभवी बाई म्हणूनच एका हाताने वही तपासतात, नजर वर्गावर ठेवतात आणि बोलणाऱ्या बाकाजवळून न थांबता, शिकवण्यात खंड न पाडता सहज चालत जातात. पाहणाऱ्याला वाटतं, यांचा वर्ग मुळातच शहाणा.

तीन सेकंदांची किंमत

मेरी बड रो या विज्ञानशिक्षणाच्या अभ्यासक. त्यांनी तासांची ध्वनिमुद्रणं ऐकून शिक्षक प्रश्न विचारल्यावर किती थांबतात ते मोजलं. उत्तर होतं : सरासरी एक सेकंद. तेवढ्यात कोणी बोललं नाही की प्रश्न पुन्हा, दुसऱ्याला, किंवा उत्तर शिक्षकाच्याच तोंडून. रो यांनी शिक्षकांना तीन सेकंद थांबायला शिकवलं. उत्तरं कितीतरी लांबली, ‘ढ’ म्हणून सोडून दिलेली मुलं बोलू लागली. आणि ज्याची कोणी अपेक्षा केली नव्हती तेही घडलं : शिस्तीसाठी टोकण्याचे प्रसंग कमी झाले.

नकार देणाऱ्या मुलापुढेही हेच सेकंद कामी येतात. ‘वही काढ’ म्हटल्यावर मुलाला एक निर्णय घ्यायचा असतो, तोही तीस मित्रांसमोर. ‘काढ म्हटलं ना! ऐकू येत नाही?’ असं लगेच आलं की त्याच्यापुढे दोनच वाटा उरतात, शरण जाणं किंवा भांडणं. तेरा वर्षांचा मुलगा मित्रांदेखत शरण जात नाही. म्हणून वर्ग सांभाळण्याच्या प्रशिक्षणात सांगतात : जवळ जा, हळू आवाजात एकच गोष्ट सांगा, ‘काढतोस का?’ असं न विचारता ‘पान चाळीस उघड’ असं नेमकं सांगा, आणि मग पाचेक सेकंद गप्प राहा. शक्य तर नजरही दुसरीकडे वळवा. डोळ्यांत डोळे घालून उभं राहिलं की ते आव्हान होतं. पाठ वळवली की त्याला मान न झुकवता वही काढता येते. तो पुटपुटला, वही जरा आपटली, तर तेवढं कानाआड करावं. काम सुरू झालं ना?

याच्याच जोडीची आणखी एक युक्ती चार्ल्स मेस आणि सहकाऱ्यांनी १९८८ साली मांडली. जी गोष्ट मूल नाकारणार याची खात्री आहे, ती सांगण्याआधी झटपट दोन-तीन अशा गोष्टी सांगायच्या ज्या ते हसत करतं. ‘ती खिडकी लाव रे. खडू दे इकडे. तारीख लिही फळ्यावर. आता पहिलं उदाहरण सोडवायला घे.’ तीनदा ‘हो’ झालं की चौथ्यांदा ‘नाही’ म्हणायला जड जातं. या युक्तीमागे भौतिकशास्त्रातल्या संवेगाची उपमा होती. आपल्याकडच्या कितीतरी जुन्या शिक्षकांनी वर्गातल्या सर्वांत द्वाड पोराला घंटा वाजवायचं काम देऊन हे कधीच साधलं होतं.

फळ्यावरची नावं

शिक्षक वर्गात नसताना मॉनिटरने बोलणाऱ्यांची नावं फळ्यावर लिहायची आणि पुन्हा बोलला की नावापुढे फुली मारायची, हे महाराष्ट्रातल्या प्रत्येक पिढीने पाहिलंय. ज्याच्या नावापुढे सर्वांत जास्त फुल्या, तो त्या दिवसाचा नायक, हेही पाहिलंय. १९६९ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात कॅन्ससमधल्या संशोधकांनी याच फुल्या वापरल्या, फक्त नावं काढून टाकली.

वर्ग चौथीचा, मुलं २४, त्यातली ७ तर मुख्याध्यापकांकडे वारंवार पाठवली गेलेली. मिनिटामिनिटाची नोंद ठेवली तेव्हा गणिताच्या तासात ९६ टक्के मिनिटांत कोणी ना कोणी मध्येच बोलत होतं आणि ८२ टक्के मिनिटांत कोणी ना कोणी जागा सोडत होतं. मग वर्गाचे दोन गट केले. नियम सांगितले. कोणीही नियम मोडला की त्याच्या गटापुढे एक फुली. ज्यांच्या फुल्या कमी तो गट जिंकला, आणि दोन्ही गट ठरावीक आकड्याच्या आत राहिले तर दोन्ही जिंकले. बक्षीस काय? जेवणाच्या रांगेत पुढे उभं राहणं, तक्त्यावर तारा, शेवटी थोडा मोकळा वेळ. एका पैशाचा खर्च नाही. मध्येच बोलणं १९ टक्क्यांवर आलं आणि जागा सोडणं ९ टक्क्यांवर. खेळ थांबवला की गोंधळ परत, सुरू केला की शांतता परत.

दोन मुलांनी मात्र जाहीर केलं, आम्ही खेळतच नाही. इथे शिक्षिकेने जे केलं ते लक्षात ठेवण्याजोगं आहे. त्यांना मनवणं नाही की दटावणं नाही. त्यांच्यापायी सगळ्या गटाला फुल्या बसणं न्यायाचं नाही, असं सांगून त्यांना गटाबाहेर काढलं. प्रेक्षकच नाहीसे झाल्यावर बंडाला अर्थ उरेना.

या खेळाची पुढची गोष्ट आणखी अद्भुत. शेपर्ड केलम यांच्या गटाने १९८५-८६ मध्ये बाल्टिमोरच्या १९ शाळांतल्या पहिलीच्या मुलांवर त्याचा मोठा प्रयोग केला आणि ती मुलं १९ ते २१ वर्षांची झाल्यावर त्यांना पुन्हा गाठलं. पहिलीत जे मुलगे सर्वांत आक्रमक होते, त्यांच्यापैकी हा खेळ खेळलेल्यांमध्ये अमली पदार्थांच्या आहारी जाण्याचं प्रमाण न खेळलेल्यांपेक्षा स्पष्टपणे कमी निघालं. सहाव्या वर्षीच्या फळ्यावरच्या फुल्यांचा माग विशीपर्यंत लागला.

आपल्याला काय वाटतं ते विचारा

या सगळ्यात मुलाच्या मनात काय चाललंय ते कसं ओळखायचं? व्हिएन्नातून १९३७ मध्ये शिकागोला आलेले रुडॉल्फ ड्रायकर्स यांनी याचं उत्तर भलत्याच ठिकाणी शोधायला सांगितलं : शिक्षकाच्या स्वतःच्या मनात. मुलाच्या वागण्याने तुम्हाला नुसतं वैतागल्यासारखं वाटतं का? मग त्याला बहुधा लक्ष हवंय. ‘हा मला आव्हान देतोय, याला दाखवतोच’ असं वाटतं? मग त्याला सत्ता हवीय. बोलणं जिव्हारी लागतं? मग तोच कुठेतरी दुखावलाय आणि परतफेड करतोय. आणि ‘जाऊ दे, याचं काही होणार नाही’ असं हताश वाटतं? मग त्यानेही स्वतःबद्दल तेच ठरवलंय. म्हणजे संताप येताच तो गिळायचा नाही की ओकायचा नाही, आधी वाचायचा.

यातला चौथा प्रकार सर्वांत फसवा, कारण तो बहुधा दुसऱ्याच वेषात समोर येतो. वाचनाची अडचण असलेल्या मुलासाठी ‘वाचता येत नाही’ यापेक्षा ‘उर्मट आहे’ हा शिक्का परवडतो, कारण पहिल्यात लाज आहे आणि दुसऱ्यात निदान दरारा. कधी कारण याहून साधं असतं : कोणाला फळा नीट दिसत नसतो, कोणाला नीट ऐकू येत नाही, कोणी सकाळपासून उपाशी असतं. काही मुलांचा विरोध घरी, दारी, सगळीकडे महिनोन् महिने चालतो आणि त्याला मानसोपचारात स्वतंत्र निदान आहे. तिथे वर्गातल्या युक्त्या पुरत नाहीत, समुपदेशक आणि डॉक्टर लागतात. पुरत नाही ते ओळखणं हेही शिक्षकाच्याच नजरेचं काम.

आणि छडी? शिक्षणहक्क कायद्याच्या १७व्या कलमाने शारीरिक शिक्षेला आणि मानसिक छळाला बंदी घातली आहे, तो कायदा १ एप्रिल २०१०पासून लागू आहे. ‘छडी गेली आणि धाक गेला’ ही हळहळ शिक्षकखोलीत आजही ऐकू येते. पण छडी चालली तरी पॅटरसन यांचा दोर तिथेच असतो, फक्त ताण वाढतो.

आपल्या परंपरेत याचा एक वेगळा धागा आहे. भावनगरच्या गिजुभाई बधेका यांच्या ‘दिवास्वप्न’ या कथारूप पुस्तकातला नवा मास्तर पहिल्याच दिवशी चौथीच्या मुलांना शांततेचा खेळ खेळायला लावतो आणि वर्ग त्याचा पार फज्जा उडवतो. दुसऱ्या दिवशी तो गोष्ट सांगू लागतो आणि तीच पोरं त्याच्याभोवती गोळा होतात. मुलं बदलली नव्हती, समोर ठेवलेलं काम बदललं होतं. गिजुभाईंबरोबर भावनगरला काम केलेल्या ताराबाई मोडक पुढे बोर्डी आणि कोसबाडला आल्या, अनुताई वाघ यांच्या साथीने वारली मुलांसाठी उभ्या राहिल्या. मुलं शाळेत येत नव्हती, कारण काही गुरं राखत होती आणि काही धाकट्या भावंडांना. तेव्हा या दोघींनी मुलांना दोष दिला नाही. गुराख्यांसाठी कुरणावरच शाळा भरवली, तिचं नाव कुरणशाळा. विकासवाडी या प्रकल्पात पाळणाघर, बालवाडी आणि शाळा एकाच जागी आणली, म्हणजे धाकट्याला कडेवर घेऊन आलेल्या ताईलाही बसता येईल. असहकाराचं कारण सापडलं की त्यावरचा उपाय बहुतेकदा शिक्षेसारखा दिसतच नाही.

आता शेवटचा प्रयोग. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात जेसन ओकोनोफुआ आणि सहकाऱ्यांनी कॅलिफोर्नियातल्या पाच शाळांतल्या ३१ गणितशिक्षकांना हाताशी धरलं. त्यांच्यातल्या काहींना संगणकावर दोन छोटे पाठ दिले, एक सुमारे ४५ मिनिटांचा, दुसरा २५ मिनिटांचा. त्यात नवं तंत्र काहीच नव्हतं. मुलं का बिथरतात, आदराने वागवल्यावर ती कशी सावरतात हे वाचायचं आणि आपण स्वतः काय करू ते आपल्या शब्दांत लिहायचं, बस. बाकीच्या शिक्षकांना दुसऱ्याच विषयावरचा पाठ. १,६८२ मुलांची वर्षभराची नोंद तपासली. शाळेतून काही दिवसांसाठी निलंबित होणाऱ्या मुलांचं प्रमाण दुसऱ्या गटात ९.६ टक्के होतं. पहिल्या गटात ते ४.८ टक्के निघालं, म्हणजे बरोबर निम्मं.

या मोजणीत निलंबन फक्त गणिताच्या तासातलं नव्हतं. विज्ञानाच्या वर्गात, मैदानावर, कुठेही, कोणीही केलेलं धरलं होतं. त्या मुलांना कोणी समजावलं नव्हतं, त्यांच्या घरी कोणी गेलं नव्हतं, बाकीच्या शिक्षकांना काही शिकवलं नव्हतं. दिवसभरात भेटणाऱ्या अनेक मोठ्या माणसांपैकी एकाने सत्तर मिनिटं विचार केला होता आणि त्याचा फरक मूल जिथे जिथे गेलं तिथे दिसला. ज्या मुलाबद्दल शिक्षकखोलीत ‘याच्यापुढे हात टेकले’ असं म्हटलं जातं, त्याचं वागणं आपण समजतो त्यापेक्षा खूप कमी त्याच्या एकट्याचं असतं. शिक्षकावर याचं ओझं येतं हे खरं. पण मुलाचा स्वभाव, घर, वस्ती यातलं काहीही उद्या सकाळच्या पहिल्या तासाला बदलणार नसतं, आणि शिक्षकाचं पुढचं वाक्य मात्र नक्की बदलू शकतं.